पडलेल्या माणसाला उचलण्याआधी

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. बोलण्यातली भाषा बहुतेक तशीच ठेवली आहे.)



मला इथे सगळे सिस्टर म्हणूनच ओळखतात. मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात मी ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली १८ हाडांच्या आणि मणक्यांच्या वॉर्डात. मी डॉक्टर नाही. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते पेशंटच्या उशाशी उभं राहून पाहिलेलं आणि डॉक्टरांना विचारून विचारून समजून घेतलेलं आहे.

विषय मी निवडलेला नाही. आपल्या खजिनदारांनी दिला. कमिटीच्या मीटिंगमध्ये ते म्हणाले, "सिस्टर, ब्लडप्रेशर आणि शुगरवर सगळेच बोलतात. तुम्ही माझ्यावर बोला." म्हणून त्यांच्या परवानगीने त्यांचीच गोष्ट आधी सांगते. जुन्या सभासदांना ती ठाऊक आहे, नव्या भाडेकरूंना नसेल.

२००७ सालचे गणपती. आदल्या दिवशी ए विंगच्या पोर्चवर चढून हा मुलगा लायटिंगची माळ बांधत होता. तेव्हा तो २४ वर्षांचा होता. पावसाने स्लॅबवर शेवाळ धरलं होतं. पाय सरकला आणि बारा-तेरा फुटांवरून तो खाली आपटला. आरडाओरडा झाला, सगळे धावले. पडल्यावर त्याने पायाची बोटं हलवली होती, असं दोघं जण आजही सांगतात. त्याच्या बाबांनी आणि आणखी तिघांनी त्याला उचललं. दोघांनी काखेत हात घातले, दोघांनी पाय धरले. कंबर मध्ये झोळीसारखी लोंबत होती. मग रिक्षा आली. रिक्षात माणूस आडवा मावत नाही, म्हणून त्याला दोघांच्या मध्ये बसवलं. मी रात्रपाळी करून झोपले होते. खाली आले तेव्हा रिक्षा गेटच्या बाहेर पडली होती. हॉस्पिटलात पोचेपर्यंत पाय हलायचे थांबले होते.

त्याचे बाबा नंतर संध्याकाळी कट्ट्यावर भेटले की मला एकच प्रश्न विचारायचे. "सिस्टर, मी त्याला रिक्षात बसवायला नको होतं का?" मी दर वेळी म्हणायचे, "नाही हो काका, तसं काही नसतं." काका आता आपल्यात नाहीत. मी त्यांना दिलेलं उत्तर अर्धवट होतं. पूर्ण उत्तर द्यायचं तर आधी पाठीच्या कण्यात काय असतं ते सांगावं लागेल.

आपला कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके. त्यांच्या मधल्या पोकळीतून मेंदूपासून निघालेली एक दोरी खाली येते, तिला मज्जारज्जू म्हणतात. साधारण ४५ सेंटिमीटर लांब, करंगळीएवढी जाड आणि पनीरसारखी मऊ. बरगड्या संपतात त्याच्या थोडं खाली, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ ती संपते आणि पुढे नसांचा झुपका असतो. हात हलव, पाय उचल, लघवी थांबव, हे सगळे निरोप तिच्यातून खाली जातात आणि चटका बसला, टोचलं, हे निरोप वर येतात. हाड मोडलं तर जुळून येतं. या दोरीतले तंतू एकदा तुटले की हाडासारखे जुळून येत नाहीत. म्हणून जेवढे शिल्लक आहेत तेवढे वाचवणं, हेच या उपचाराचं मुख्य काम.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण सगळं हिच्यावर आहे. इजा दोनदा होते. पहिली पडताक्षणी होते. मणका मोडतो किंवा सरकतो, आणि आतली दोरी चेंगरते. ती इजा कोणाच्या हातात नसते. पण बहुतेक वेळा दोरी पूर्ण तुटलेली नसते. काही तंतू मेलेले असतात, काही नुसते दबलेले असतात.

दुसरी इजा त्यानंतर सुरू होते आणि तास, दिवस, कधी काही आठवडे चालू राहते. दोरीत रक्तस्राव होतो, सूज येते. भोवती हाडाचं कुंपण, त्यामुळे सुजेला पसरायला जागा नाही. मग ती सूज स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबते. रक्त कमी पोचलं की ऑक्सिजन कमी. मेलेल्या पेशींतून ग्लुटामेट नावाचं द्रव्य एकदम बाहेर पडतं. एरवी ते थोड्या प्रमाणात निरोप पोचवायचं काम करतं, पण इतकं झालं की शेजारच्या धडधाकट पेशींना विषासारखं लागतं. त्यांच्यात कॅल्शियम घुसतं आणि त्याही मरतात. मग शरीराचेच सैनिक, म्हणजे पांढऱ्या पेशी, साफसफाईला येतात आणि सुक्याबरोबर ओलंही जाळतात. चाळीत एका खोलीला आग लागावी आणि तिने शेजारची बिऱ्हाडं धरावीत, तसं हे आहे. पहिली खोली गेली ती गेली. पुढच्या खोल्या वाचवता येतात का, हा प्रश्न असतो.

या खोल्या वाचवायला वॉर्डात काय करायचे, ते सांगते.

सगळ्यात पहिलं म्हणजे श्वास आणि ब्लडप्रेशर. ऐकायला साधं वाटतं. पण मान किंवा पाठीचा वरचा भाग दुखावला की रक्तवाहिन्या आवळून धरणारे निरोपच बंद होतात आणि प्रेशर उतरतं. रक्त वाहून गेलेल्या माणसाची नाडी धावते, अंग गार पडतं. या पेशंटची नाडी मात्र मंद असते आणि पाय गरम लागतात. नवीन मुलींना मी हे हात लावून दाखवायचे. दुखावलेल्या दोरीला स्वतःचा रक्तपुरवठा सांभाळता येत नाही, वरून जेवढा दाब मिळेल तेवढ्यावरच ती जगते. म्हणून पहिले सात दिवस सरासरी दाब ८५ ते ९० च्या दरम्यान ठेवायची पद्धत होती. अलीकडे, २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत, खालची मर्यादा ७५ ते ८० पर्यंत सैल केली आहे आणि मुदत तीन ते सात दिवस म्हटली आहे. पण प्रेशर पडू द्यायचं नाही, हे कायम आहे. आणि मानेतल्या वरच्या मणक्यांपाशी इजा असेल तर श्वासाचा पडदाच काम करेनासा होतो. चांगला बोलणारा पेशंट रात्रीतून दमायला लागतो. त्याच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं.

दुसरं, स्टेरॉइड. याची गोष्ट मोठी आहे. १९९० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात सांगितलं गेलं की मिथाइलप्रेडनिसोलोन हे औषध आठ तासांच्या आत भरपूर प्रमाणात दिलं तर फायदा होतो. किलोमागे ३० मिलिग्रॅम १५ मिनिटांत, मग पाऊण तास थांबायचं, मग २३ तास तासाला किलोमागे ५.४ मिलिग्रॅम. हा हिशेब मला अजून झोपेत विचारलात तरी सांगेन, इतक्या वेळा ती बाटली लावली आहे. जगभर सगळीकडे हेच चालू होतं. नंतर इतर डॉक्टरांनी तेच आकडे पुन्हा तपासले. त्यांचं म्हणणं पडलं की फायदा थोडा आणि तोही ठरावीक गटापुरता, पण जंतुसंसर्ग आणि पोटातला रक्तस्राव मात्र वाढतो. २०१३ साली अमेरिकेतल्या न्यूरोसर्जनांच्या मार्गदर्शक सूचनांनी ते देऊ नका असंच सांगितलं. २०१७ च्या दुसऱ्या एका सूचनेत आठ तासांच्या आत, २४ तासांपुरतं, एक पर्याय म्हणून ठेवलं. म्हणजे आज ते द्यायचं की नाही हे डॉक्टर पेशंट बघून ठरवतात. आपल्या खजिनदारांना ते मिळालं होतं. उपयोग झाला का, ते सांगता येत नाही.

म्हणून एक विनंती. हॉस्पिटलात आपला माणूस असला की "स्टेरॉइड का देत नाही?" म्हणून डॉक्टरांशी भांडू नका. न देण्यालाही कारण असतं.

तिसरं, ऑपरेशन. मोडलेलं हाड दोरीवर दाबून बसलं असेल तर ते जितक्या लवकर काढाल तितकं बरं. २०१२ साली मानेच्या दुखापतीच्या ३१३ पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २४ तासांच्या आत दाब काढलेल्यांपैकी साधारण २० टक्के लोकांमध्ये सहा महिन्यांनी दोन पायऱ्यांची सुधारणा दिसली, उशिरा ऑपरेशन झालेल्यांमध्ये ती साधारण ९ टक्के होती. आता २४ तासांच्या आत, शक्य असेल तर, हाच सल्ला देतात. आपल्या खजिनदारांचं ऑपरेशन पाचव्या दिवशी झालं. दोन ठिकाणी फिरावं लागलं, एके ठिकाणी बेड नव्हता, दुसरीकडे स्क्रू-प्लेटचे पैसे भरल्याशिवाय तारीख नव्हती. पैसे जमवायला काका तीन दिवस फिरले. तेव्हा आपल्या कोणाच्याच लक्षात आलं नाही की वेळ जातोय. सोसायटीच्या खात्यात तेव्हा रंगकामाचे पैसे पडून होते, एवढंच सांगते आणि पुढे जाते.

बाकी बरेच प्रयोग झाले. शरीर थंड करण्याचा झाला. दुसऱ्या एका आजारातलं रिलुझोल नावाचं औषध वापरून पाहिलं, त्या चाचणीला ठरवलेलं उद्दिष्ट गाठता आलं नाही. आजच्या घडीला दुसरी इजा थांबवणारं खात्रीचं औषध नाही. कोणी पाठीवर बर्फ ठेवायला सांगितलं तर ठेवू नका.

आणि स्टेम सेल. आपल्याच सोसायटीतला हा प्रसंग आहे. दोन-तीन वर्षांनी एका क्लिनिकने काकांना सांगितलं की तीन इंजेक्शनं घेतली की मुलगा चालेल. नाव घेत नाही. त्यांनी लाखांत आकडा सांगितला होता. काका गावची जमीन काढायला निघाले होते. मी त्यांच्याशी अबोला धरला, शेवटी त्यांनी ऐकलं. पुढे २०१७ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वच्छ म्हटलं आहे की रक्ताशी संबंधित काही ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, तो फक्त मंजूर चाचणीत वापरायचा. आणि चाचणीत पेशंटकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. कोणी पैसे मागितले की समजा.

मग पुढचं आयुष्य वाचवतं कोण? नर्सिंग. हे मी माझा धंदा म्हणून सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी कंबरेखालचं अंग गेलेला माणूस बहुतेक करून बेडसोरने किंवा लघवीच्या जंतुसंसर्गाने जायचा. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलला डॉ. लुडविग गुटमन यांनी वेगळा वॉर्ड काढला. दर दोन तासांनी पेशंटला कुशीवर वळवायचं, रात्रीसुद्धा, आणि लघवीची स्वच्छता कडक ठेवायची. एवढ्याने माणसं जगायला लागली. मग त्यांनी पेशंटना खेळायला लावलं, १९४८ साली तिथे धनुर्विद्येची स्पर्धा झाली, आणि त्यातूनच पुढे पॅरालिंपिक उभं राहिलं. आपले सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. त्यांच्यावरचा सिनेमा तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल.

आता मुद्द्याचं. हॉस्पिटलातलं सगळं डॉक्टर बघतील. पण पहिला अर्धा तास आपला असतो. त्यात काय करायचं?

माणूस उंचावरून पडला, गाडीवरून उडला, किंवा त्याच्या डोक्याला मार लागून तो गुंगीत असेल, तर कणा मोडलेला आहे असंच धरून चालायचं. तो "मला काही झालं नाही, उठवा" म्हणाला तरी उठवायचं नाही. बसवायचं नाही. पाणी पाजायचं नाही. अंग चोळायचं नाही.

एकाने १०८ ला फोन करायचा आणि "उंचावरून पडलाय, पाठीला मार आहे" हे शब्द सांगायचे, म्हणजे ते तयारीने येतात. दुसऱ्याने डोक्याशी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी डोकं आहे तसं धरायचं, आणि गाडी येईपर्यंत सोडायचं नाही. मान सरळ करायच्या फंदात पडू नका. त्याच्याशी बोलत राहा. अंगावर चादर टाका. तिसऱ्याने वेळ लिहून ठेवायची, किती वाजता पडला आणि तेव्हा हातपाय हलत होते का. हा कागद डॉक्टरांना सोन्यासारखा असतो. चौथ्याने गर्दी हटवायची, आणि आपल्याकडे सगळ्यात अवघड काम तेच आहे.

उलटी झाली तर मात्र सरळ ठेवून चालणार नाही, गुदमरेल. तेव्हा ओंडका वळवावा तसं अख्खं अंग एकदम कुशीवर घ्यायचं. एक डोक्याशी, तिघं एका बाजूला, खांदा, कंबर आणि गुडघे धरून. हुकूम डोक्याशी बसलेल्याचा. तो एक, दोन, तीन म्हणेल तेव्हाच सगळ्यांनी मिळून वळवायचं. डोकं, छाती आणि कंबर एका रेषेत राहिली पाहिजेत.

मोटरसायकलवाल्याचं हेल्मेट श्वास अडत नसेल तर काढू नका. जागा धोक्याची असेल, आग आहे, वायर पडली आहे, पाणी चढतंय, तर अर्थातच हलवा, आधी जीव. तेव्हाही कमरेत वाकवू नका, लांबीच्या दिशेने सरळ ओढा. आणि अॅम्ब्युलन्स मिळणारच नसेल तर टेम्पो चालेल, फळी चालेल, दरवाजा उखडून त्यावर नेलेला पेशंट मी पाहिला आहे आणि त्या लोकांचं मी कौतुक केलं होतं. फक्त रिक्षात बसवून नको. आणि फळी नेण्यापुरतीच. हॉस्पिटलात पोचल्यावर तिच्यावरून लवकर काढायला सांगा, कारण ज्याला टोचलेलं कळत नाही त्याला कडक फळीवर काही तासांत बेडसोर सुरू होतो.

रस्त्यावरच्या अपघातात "पोलिसांची कटकट नको" म्हणून लोक मागे सरतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली केलेल्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. नाव सांगायची सक्तीसुद्धा नाही. थांबा.

आता सोसायटीपुरत्या माझ्या तीन मागण्या. पहिली, गेटपासून बी विंगपर्यंतचा रस्ता मोकळा. पार्किंगवर मी बोलले की सभा पुढच्या महिन्यावर जाते, हे मला माहीत आहे. पण गेल्या दिवाळीत अॅम्ब्युलन्स आत येईना, कारण मध्ये दोन गाड्या, आणि मालक सिनेमाला. दुसरी, वॉचमनच्या केबिनमध्ये एक स्ट्रेचर-फळी, पट्टे आणि मानेची कॉलर. कॉलर शिकलेल्या माणसानेच लावायची. तिसरी, रंगारी, टाकी धुणारे, लायटिंगवाले, आपली मुलं, जो कोणी उंचावर चढेल त्याला पट्टा आणि दोर. पट्टा नसेल तर काम नाही. हे लोक आपल्यासाठी चढतात. त्यांच्यातला एखादा पडला तर त्याला उचलायला त्याचं घर इथे नसतं.

आणि एक जुनी आठवण. या मुलाला खालून वर यायला रॅम्प हवा होता. आपण तीन वर्षं चर्चा केली, कारण त्यात दीड गाडीची जागा जात होती. तीन वर्षं त्याला दोघं जण खुर्चीसकट उचलत होते. आज त्याच रॅम्पवरून आजोबा वॉकर घेऊन येतात आणि सिलिंडरवालाही येतो. स्मरणिकेत चांगलं चांगलं छापायचं असतं, पण हेही छापा.

आता काकांना द्यायचं राहिलेलं उत्तर.

काका, मणका पडतानाच मोडला होता. तुमच्या रिक्षाने तो मोडला नाही. त्यानंतर इजा वाढली. ती किती उचलण्याने वाढली, किती आतल्या सुजेने आणि किती त्या पाच दिवसांनी, हे तेव्हाही कोणाला सांगता आलं नसतं आणि आजही येणार नाही. बोटं हलायची थांबणं नुसत्या सुजेनेही होतं. पण त्याला बसवायला नको होतं, हे खरं. तेव्हा १०८ नव्हती, ती आपल्याकडे २०१४ साली सुरू झाली. तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. ज्या सोसायटीत मणक्याच्या वॉर्डातली सिस्टर राहत होती, त्या सोसायटीत हे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि तो दोष माझा. सात वर्षं मी इथे राहत होते. एकदा या हॉलमध्ये उभी राहिले असते तर पुरलं असतं.

म्हणून आज उभी आहे. स्ट्रेचरचं बिल खजिनदारांनी कालच मंजूर केलं, आणि ते बिल मंजूर करताना किती प्रश्न विचारतात ते तुम्हाला माहीत आहे. चहानंतर इथेच सतरंजी टाकून सराव करू या. चौघं उचलायला हवेत आणि एक जण पडायला. मी खजिनदारांना विचारलं होतं. ते म्हणाले, "मी एकदा पडून झालोय सिस्टर, आता दुसरा कोणी बघा."

तर कोण येतंय?